जो आधी उठेल

“खातोय की नांगरतोय, कोण जाणे! सूप दोनदा घेतलं, पावाची टोपली रिकामी केली, आता म्हणे भाताच्या आधी मासा. मेल्याचं पोट आहे की बारव?”

स्वयंपाकीण काकी हे कढईला सांगत होत्या. माणसांना सांगण्यासारखं त्यांच्याकडे फारसं काही नसायचं. जे असायचं ते भांड्यांना. पण स्वयंपाकघर आणि जेवणघर यांच्यामधल्या चिंचोळ्या खोलीत राजदूतांची बायको उष्ट्या ताटल्या घेऊन उभी होती, आणि तिनं ते सगळं ऐकलं.

“काकी, मासा मी सांगितलाय. त्यांनी नाही.”

“तुम्ही सांगितलात म्हणून तळतेय. त्यानं सांगितला असता तर हे तेल मी...”

नदीपलीकडे धाडकन आवाज झाला. कपाटातल्या पेल्यांना कापरं भरलं. दोघींनी पेल्यांकडे बघितलं, एकमेकींकडे नाही.

नदीपलीकडे दवाखाना होता, आणि दवाखान्यात भिंगरी होती.

भिंगरी म्हणजे राजदूतांची एकुलती एक लेक. लहानपणी प्रत्येक नव्या विमानतळावर सामान येईपर्यंत स्वतःभोवती गरगर फिरायची, म्हणून भिंगरी. आता चांगली सर्जन झाली होती, पण नाव काही सुटलं नव्हतं. लढाई पेटल्यावर डॉक्टरांच्या एका तुकडीबरोबर ती या शहरात आली, तीही बापाला न विचारता. “तिथं मी कुणाची मुलगी हे कुणाला कळता कामा नये,” एवढीच तिची अट. बापाला ती अट मनापासून पटली. राजदूताची मुलगी दवाखान्यात आहे हे एका जरी बाजूला कळलं, तरी तिचा दोर करून बापाच्या गळ्यात बांधतील. तेव्हापासून या घरात भिंगरीचं नाव कुणी काढत नव्हतं. काकीसुद्धा नाहीत, ज्यांनी तिला अंगाखांद्यावर वाढवलं होतं. काकी फक्त रोज वाटीभर भात जास्त टाकायच्या आणि संध्याकाळी तो स्वतःच खायच्या.

मासा तळून झाला. बायकोनं ताटली हातात घेतली, पदर सारखा केला, चेहरा सारखा केला आणि आत गेली.

भर दुपार होती. लांबलचक टेबलावर माणसं मात्र मोजकी. एका टोकाला तिचा नवरा. उजवीकडे जनरल, त्याच्या सैन्यानं दवाखाना चहूबाजूंनी वेढला होता. डावीकडे त्याच्याविरुद्ध लढणाऱ्यांचा म्होरक्या, मास्तर. हा खरोखरच भूगोलाचा मास्तर होता, आणि अजूनही बोलताना हवेत नकाशे काढायचा. त्याची जखमी माणसं दवाखान्यात पडून होती. त्यांना बाहेर न्यायला एक रस्ता मोकळा सोडावा, एवढंच आजच्या जेवणात ठरायचं होतं. खिडकीपाशी जनरलचा भाचा उभा होता. हा कप्तान होता, आणि त्याला बसायला सांगितलं तरी बसत नव्हता.

बोलणी टिकावीत म्हणून राजदूतांनी एक नियम काढला होता, आणि दोघांनी त्याला मान डोलावली होती. जेवण चालू आहे तोवर गोळी नाही. आणि जो टेबलावरून आधी उठेल, त्यानं बोलणी मोडली असं सगळं जग समजेल. नवऱ्याला या नियमाचा फार अभिमान होता. सकाळी दाढी करताना तो तिला म्हणाला होता, “माणूस उठला नाही ना, की निम्मं काम झालं. जेवणाऱ्या हातात बंदूक नसते.”

हे वाक्य तिनं इतक्या देशांतल्या इतक्या न्हाणीघरांतून ऐकलं होतं की तिला त्यातल्या वस्तऱ्याचे थांबेही पाठ होते.

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, तसा त्यांचा संसार. पडदे प्रत्येक घरात आखूड पडायचे नाहीतर लोळायचे. पहिल्याच नेमणुकीत जमावानं कचेरीचं वाचनालय पेटवलं. नवरा घरी आला तेव्हा सदऱ्यावर कुणाचं तरी रक्त होतं आणि तोंडात एकच वाक्य, “चहा टाकतेस?” पुढे एका शहरात त्याच्या पुढची मोटार सुरुंगावर गेली. मोटारीतल्या मित्राचा चष्मा तेवढा अखंड सापडला. तो यानं रुमालात गुंडाळून त्याच्या विधवेला नेऊन दिला. तिथंही काय बोलला, तर “परिस्थितीवर आमचं लक्ष आहे.” कचेरीत त्याला मागून पाहूसाहेब म्हणायचे. काहीही विचारा, “पाहू या.” आग लागली साहेब. पाहू या. तिची आई म्हणायची, बोलणाऱ्याचा कोंडा खपतो, न बोलणाऱ्याचे गहूही पडून राहतात. पण तिच्या जावयाचे गहू न बोलताच खपत गेले, चढत्या भावानं. प्रत्येक दंगलीनंतर बढती.

आणि या सगळ्यात तिचा वाटा जेवणाचा. जेवण लांबवणं हा तिचा हुन्नर होता. कुठल्या शाळेत शिकवत नाहीत तो. गरम ताटल्या उशिरा आणायच्या. पुढचा पदार्थ आधीच्या ताटल्या उचलल्यावरच गरम करायला ठेवायचा. पाहुणा घड्याळाकडे बघू लागला की त्याच्या आईची चौकशी करायची. आई म्हटलं की कुठलाही हुकूमशहा पाव तास खाली बसतो. एकदा दोन मंत्र्यांना तिनं पहाटे तांबडं फुटेपर्यंत फळांवर बसवून ठेवलं होतं, आणि शेवटी निव्वळ झोप आली म्हणून त्यांनी तह केला.

आज सुपालाच पलीकडे पहिला बार उडाला होता.

“पूल,” जनरल चमचा तोंडाशी नेत म्हणाला होता. “जुना पूल पाडताहेत आमचे इंजिनिअर. धोकादायक झालाय. तुम्ही घाबरू नका, वहिनी.”

आल्यापासून तो तिला वहिनी म्हणत होता.

मास्तरनं खिडकीकडे बघितलं. पूल खिडकीतून दिसत होता, दोन्ही पायांवर धडधाकट. धूर त्याच्या बराच उजवीकडे होता. “पुलाची जागा बदललेली दिसते,” मास्तर म्हणाला. “माझ्या पुस्तकात तरी नदीवर होता.”

जनरल मोठ्यानं हसला. राजदूतही हसले, कारण पाहुणा हसला की हसायचं असतं. मग सगळे पुन्हा सूप पिऊ लागले. मास्तर उठला असता तर बोलणी त्यानं मोडली असती, आणि मग दवाखान्याला वाली कोण? तो उठला नाही. पण त्याच्या चमच्याचं टोक वाडग्याच्या काठावर टकटक वाजत राहिलं.

दुसरा बार जवळ झाला. खिडकीच्या वरच्या तावदानाचा चुरा टेबलावर आला. काचेचा एक लांबट तुकडा मास्तरच्या गालात उभा रुतला. त्यानं तो दोन बोटांनी ओढून काढला आणि बशीच्या कडेला ठेवला, काटा काढून ठेवावा तसा. रक्त हनुवटीवरून पांढऱ्या टेबलक्लॉथवर ठिबकायला लागलं. कुणी उठलं नाही. तिनं रुमाल दिला, काचा वेचल्या, पावाची टोपली बदलली.

“माफ करा हं,” मास्तर तिला म्हणाला. “डाग निघणार नाही.”

“थंड पाणी आणि मीठ. निघतो,” ती म्हणाली. आणि लगेच तिला स्वतःचीच किळस आली, की आपल्याला हे माहीत आहे.

त्यानंतर अंगणात आरडाओरडा झाला. मास्तरचा ड्रायव्हर गाडीपाशी थांबला होता. त्याचा भाऊ दवाखान्यात पाय तुटून पडला होता. धूर बघून तो फाटकाकडे धावला. कप्तानानं खिडकीतूनच बोटानं खूण केली. दोघा शिपायांनी ड्रायव्हरला फाटकाशी गाठला. एकानं बंदुकीचा दस्ता त्याच्या तोंडावर मारला. ओलं लाकूड फुटावं तसा आवाज आत जेवणघरापर्यंत आला. ड्रायव्हर गुडघ्यांवर आला आणि फरशीवर हातानं चाचपू लागला. तो आपले दात गोळा करत होता. दुसऱ्यानं बुटानं त्याचा तो हात दाबून धरला आणि पहिला फासळ्यांत लाथा घालत राहिला, रागानं नाही, नेमून दिलेलं काम उरकावं तशा. मग ड्रायव्हर हलायचा थांबला. शिपायानं त्याला उलथा केला, वाकून बघितलं आणि बूट त्याच्याच शर्टाला पुसला.

हे सगळं राजदूतांच्या अंगणात, त्यांच्या झेंड्याखाली. परक्या शिपायानं जिथं परवानगीशिवाय पाऊलही टाकायचं नसतं, तिथं.

सगळ्यांनी राजदूतांकडे बघितलं. त्यांच्या कपाळाची शीर उडत होती. त्यांनी रुमालानं ओठ टिपले.

“या प्रकाराची,” ते म्हणाले, “आम्ही गंभीर दखल घेतली आहे.”

“घ्या, घ्या,” जनरल म्हणाला. “वहिनी, मासा येतोय म्हणालात ना?”

मास्तरनं मान खाली घातली. त्याचा रुमाल आता पुरता लाल झाला होता. “अठरा वर्षं माझी गाडी चालवतो तो,” तो कुणालाच उद्देशून नाही असं बोलला. “गाडी नव्हती तेव्हा सायकलवर डबल सीट न्यायचा मला.”

तो हा मासा. तो घेऊन ती आता आत आली होती.

मुख्य पाहुण्याला यजमानीणबाईंनी स्वतः वाढायचं, हा या घराचा जुना रिवाज. ती जनरलच्या खांद्यापाशी वाकली. त्याच वेळी दुसऱ्या बाजूनं कप्तान वाकला. वाढणाऱ्या बाईला कान असतात हे असल्या माणसांच्या गावीही नसतं. तो मामाच्या कानाशी बोलला, तसा तिच्याही कानाशीच बोलला.

“दुसरा मजला झाला. खाली कुणी उरलं नाही. तिसऱ्याच्या जिन्यात पलंग आडवे टाकलेत त्यांनी. जरा वेळ लागेल.”

“लागू दे,” जनरल पुटपुटला. “आत्ता कुठं मासा आलाय. मग भात आहे, फळं आहेत. वहिनींचं जेवण लवकर संपत नाही, नावाजलेलं आहे.” आणि मग जरा खालच्या आवाजात, “कुणाचा फोन आला तर काय सांगायचं?”

“जनरलसाहेब राजदूतांकडे जेवताहेत. टेबलावरून उठता येत नाही.”

“शाबास.”

माशाचा तुकडा चिमट्यातून निसटला आणि ताटलीच्या कडेवर पडला. “असू दे, वहिनी,” जनरल म्हणाला आणि बोटानंच तो आत ओढला.

ती मधल्या खोलीत आली आणि भिंतीला टेकली.

आपण काय करत होतो? सूप लांबवलं. पाव पुन्हा भाजून आणला. मासा तर यादीतच नव्हता. बार ऐकून घाबरून तिनंच तो वाढवला होता, की हा बसलेला बरा, बसला आहे तोवर वाचतील. नवऱ्यानं नियम केला होता जनरलला बांधून ठेवायला. जनरल त्या नियमावर मांडी घालून बसला होता, आणि त्याच्या आडोशाला पलीकडे मजल्यामागून मजला रिकामा होत होता. पोळी भाजायला त्याला विस्तव हवा होता. आणि तो विस्तव ही दोघं नवराबायको फुंकून फुंकून देत होती.

ऑपरेशन थिएटर तिसऱ्या मजल्यावर होतं.

“काकी, भात उतरवा.”

“अजून शिजायचाय. तुम्हीच म्हणालात मंद आचेवर...”

“उतरवा. कॉफी ठेवा.”

काकींनी वळून बघितलं. तिचा चेहरा बघून हातातला झारा खाली ठेवला. “काय ऐकलंत?” त्या म्हणाल्या. आणि उत्तराची वाट न बघता पुढे म्हणाल्या, “नका सांगू. नका सांगू मला.” मग त्यांनी कॉफीचा डबा उघडला. निम्मी कॉफी ओट्यावर सांडली.

नवराबायकोमध्ये जुन्या काही खुणा होत्या. फळांच्या आधी कॉफीचे चमचे टेबलावर आले तर त्याचा अर्थ, आवरा, काहीतरी बिघडलंय. ती चमचे घेऊन गेली आणि एक नवऱ्याच्या उजव्या हाताशी ठेवला. त्यानं चमच्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं आणि बोटानं चमचा हळूच परत तिच्याकडे सरकवला. अजून नाही. बसू दे.

पलीकडे आता बार थांबले होते. सुट्या गोळ्या ऐकू येत होत्या. एक, मग जरा थांबून एक. दार उघडायला जेवढा वेळ लागतो तेवढं थांबून.

“पुलावर खिळे ठोकताहेत वाटतं,” मास्तर म्हणाला. हा विनोद करताना त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि गालावरच्या रक्तात मिसळत होतं. “उठू का मी, साहेब? मी उठलो की बोलणी मी मोडली. चालेल. मोडू दे.”

“बसा, मास्तर,” राजदूत म्हणाले. “कृपा करून बसा. उठलात की यांना निमित्त मिळेल.”

“निमित्त!” मास्तर म्हणाला.

“फार भावनाप्रधान माणूस,” जनरल काटा काढत म्हणाला.

ती नवऱ्याच्या मागून गेली. पाण्याचा पेला भरण्याच्या निमित्तानं वाकली आणि त्याच्या कानात म्हणाली, “याला वेळच हवाय. आपण देतोय. दुसरा झाला, तिसऱ्याच्या जिन्यात आहेत.”

पेला भरून वाहू लागला. पाणी त्याच्या मांडीवर सांडलं, तरी तो हलला नाही. त्याच्या चेहऱ्यावरचं ते हसू, तीस वर्षांचं, सरकारी, तिथंच चिकटून राहिलं; त्याच्या मागचा माणूस मात्र कुठंतरी खाली खाली गेला.

“सांगा त्यांना,” ती कुजबुजली.

“सांगितलं तर ते तिला धरतील,” तो ओठ न हलवता म्हणाला. या घरात इतक्या दिवसांत तिच्याबद्दल उच्चारलेला हा पहिला शब्द. नाव नव्हतंच त्यात. नुसतं तिला.

“धरू देत. मंत्र्याचे जावई, आठवतंय का?”

तो शहारला. ही त्यांच्या घरातली जुनी थट्टा होती, आणि थट्टा करावी असं तिच्यात काहीच नव्हतं. दुसऱ्या नेमणुकीवर बंडखोरांनी कचेरीतल्या सगळ्यांना गॅरेजच्या भिंतीशी ओळीनं उभं केलं होतं. एका टोकापासून डोक्यात गोळ्या घालत येत होते. याच्या शेजारची टायपिस्ट पडली, तिच्या कवटीचा तुकडा याच्या कॉलरवर उडाला. आणि तेवढ्यात पलीकडचा म्हातारा हेडक्लार्क ओरडला, “अरे, त्याला मारू नका, तो मंत्र्याचा जावई आहे!” सासरा बिचारा चित्रकलेचा शिक्षक. पण बंडखोरांनी बंदूक खाली घेतली. मंत्र्याचा जावई कामाला येतो. हेडक्लार्क कुणाचाच जावई नव्हता, त्याला मारलं. याला कोंडून ठेवलं, उपाशी ठेवलं, दोन बोटं मोडली आणि शेवटी सोडलं. पुढे कितीतरी वर्षं घरात कुणी रुसलं की ती म्हणायची, आले मंत्र्याचे जावई. तो हसायचा आणि मोडकी बोटं खिशात घालायचा.

ओलीस धरलेलं माणूस निदान जिवंत असतं. जिन्यात पलंगाआड सापडलेली कुणी एक डॉक्टरीण, नाव नाही, गाव नाही, बाप नाही, तिला कोण कशाला ठेवील?

पलीकडे एक गोळी. मग थांबणं. मग एक.

तिनं पेला खाली ठेवला. टेबलाला वळसा घालून ती जनरलपाशी गेली. तो माशाचा शेवटचा मोठा घास काट्यावर घेत होता. तिनं त्याच्यापुढची ताटली उचलली.

हे असं कधी कुणी करत नाही. भुकेल्या कुत्र्यापुढचं पानसुद्धा कुणी ओढत नाही. काटा हवेत राहिला, त्याला टोचलेला घास राहिला. कप्तान खिडकीपासून पुढे आला आणि त्याचा हात कमरेच्या पिस्तुलावर गेला. मधल्या दारात काकी कॉफीची किटली घेऊन थिजल्या.

“वहिनी,” जनरल फार मऊ आवाजात म्हणाला, “माझं झालेलं नाही.”

“भाऊजी, पुरे,” ती म्हणाली. ताटली तिनं पोटाशी धरली. “या घरातलं अन्न संपलं. भात नाही, फळं नाहीत. आता कुणाचाही फोन आला तर तुम्ही जेवत नाही आहात.”

कप्तानानं पिस्तूल बाहेर काढलं. जनरलनं त्याच्याकडे न बघता तळहात वर केला, पण खाली केला नाही. तो हात तसाच अधांतरी राहिला, आणि सगळ्या खोलीचा श्वास त्या हाताला टांगलेला राहिला.

मग खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला. मास्तरची नव्हती ती, जनरलचीही नव्हती.

नियम करणारा माणूस उठून उभा राहिला होता. पँट मांडीवर ओली होती. मोडकी दोन बोटं त्यानं खिशातून काढून टेबलावर टेकली होती. चेहऱ्यावर ते हसू नव्हतं. तिनं इतक्या वर्षांत त्याचा हा उघडा चेहरा फक्त एकदा बघितला होता, भिंगरी झाली त्या दिवशी, दवाखान्याच्या काचेपलीकडून.

“राजदूत महाशय,” जनरल म्हणाला, “उठलात? म्हणजे बोलणी तुम्ही मोडलीत.”

“हो. मी मोडली,” तो म्हणाला. “पूल तिथं जागेवर आहे, जनरल. तुमची माणसं दवाखान्यात शिरून खाटेवरच्या माणसांना मारताहेत, तुमच्या हुकमानं, आणि त्यांचं होईपर्यंत आम्ही तुम्हाला वाढत बसलोय. तिसऱ्या मजल्यावर ऑपरेशन थिएटरमध्ये एक डॉक्टर आहे. ती माझी मुलगी आहे.”